जावयाची कवळी

पिशवीतून काढलेल्या निळ्या पाउचची चेन उघडली तेव्हा सर तोंड उघडून तयार बसले होते. चूळ भरून झाली होती, गळ्याला टॉवेल लावून झाला होता आणि मुलीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, समोर आरसा धरला होता. जावयाने पाउचमध्ये हात घातला आणि बाहेर काढला. हातात केस काळे करायच्या रंगाची ट्यूब होती.

सर ट्यूबकडे बघत राहिले. तोंड मिटायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"रंग," जावई म्हणाला.

"ते दिसतंय मला. दात कुठायत?"

जावयाने पुन्हा हात घातला. या खेपेला एक छोटा ब्रश निघाला, मग एक प्लॅस्टिकचा हातमोजा, मग हॉटेलात चहाबरोबर ठेवतात तसल्या साखरेच्या पुड्या. पुड्या निघतच राहिल्या. दात काही निघाले नाहीत. सरांनी तोंड मिटलं, गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि एक लांबलचक फुंकर मारली.

या शिट्टीचा खुलासा करायला हवा. सर म्हणजे जावयाचे सासरे. सगळी हयात शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली. त्यांना मुलगी सोडून सगळं जग सर म्हणे, जावईसुद्धा. सर निवृत्त झाले, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. आणि आठवड्याच्या सुरुवातीला बेसिनपाशी घासताना कवळी हातातून सटकली, तिला चीर गेली, तेव्हापासून तर घरातला सगळा कारभार शिट्टीवरच चालला होता. कारण दात नसताना जावयासमोर सर एक अक्षर बोलत नसत. एक छोटी शिट्टी म्हणजे पाणी, दोन छोट्या म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करा आणि लांबलचक शिट्टी म्हणजे जावई.

बाहेर सरांचं मौन चालू आहे असं सांगण्यात आलं होतं. सरांच्या तोंडात कवळी आहे हे घरातल्या तिघांना आणि दातांच्या डॉक्टरांनाच ठाऊक होतं. बाकी सगळे सरांच्या दातांना मानत. सकाळी बागेत चालायला येणाऱ्या ज्येष्ठांचा एक क्लब होता. तिथे सर रोज एकदा तरी "या वयात बत्तीसच्या बत्तीस" असं म्हणून हसून दाखवत. उद्या सकाळी त्याच क्लबात त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता 'आपले दात टिकवावेत कसे'. विषय सरांनी स्वतः सुचवला होता.

"पिशवी तरी तुझीच आहे ना?" बायको म्हणाली.

जावयाने पिशवी उलटसुलट करून पाहिली. "माझीच आहे," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "म्हणजे, माझ्यासारखीच आहे."

सरांनी पुन्हा लांबलचक फुंकली.

त्याचं असं झालं होतं. 'माझं रोजचं' नावाचा एक ग्रुप होता. त्यात सभासद आपापल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचे फोटो टाकत आणि बाकीचे आपल्याकडच्या तसल्याच वस्तूंचे फोटो खाली टाकून तुलना करत. कोणी पाण्याची बाटली टाके, कोणी छत्री, कोणी नेलकटर. शहाण्या माणसाला वाटेल, यात बघण्यासारखं काय आहे? जावयालाही आधी तसंच वाटलं होतं. तो एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढण्याच्या नोकरीला होता. तिथे नकाशे मंजूर होत तेव्हा साहेबांचं कौतुक होई आणि नामंजूर होत तेव्हा याला बोलावणं येई. घरी सासरे पहिल्या भेटीत त्याला "ताठ उभे राहा" म्हणाले होते आणि त्यानंतर विशेष असं काही म्हणाले नव्हते. एकदा त्याने सहज आपल्या जुन्या लाकडी फूटपट्टीचा फोटो ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत खाली लाल बदामांची रास लागली. कोणीतरी लिहिलं, "कडा काय सुरेख झिजल्यात!" आणखी कोणी लिहिलं, "माझ्याकडेही अशीच आहे." जावई ते वाक्य झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून झोपला. वस्तू आपण दुकानातून आणतो खरी, पण ती आपली आहे असं वाटायला दुसऱ्या कोणीतरी "माझ्याकडेही आहे" म्हणावं लागतं, हे त्याला त्या फूटपट्टीने शिकवलं.

तुलना करता करता कुठली वस्तू सगळ्यांत चांगली ते ठरू लागलं आणि ठरलं की सगळे तीच घेऊ लागले. करड्या कापडाची, खांद्याला अडकवायची पिशवी चांगली ठरली. सगळ्यांनी घेतली. तिच्यात ठेवायला निळा पाउच चांगला ठरला. स्टीलची बाटली, घडीची छत्री, तेही ठरलं. शेवटी तुलना करण्यासारखं कोणाकडे काही उरलं नाही, तरी तुलना चालूच राहिली. "माझी बाटली." "ही माझी." "छान आहे." "तुमचीही छान आहे."

आज दुपारी या मंडळींनी पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं होतं. ग्रुप चालवणाऱ्या बाईंचं चष्म्याचं दुकान होतं, त्यावरच्या खोलीत. बायकोने जावयाला बजावलं होतं, "दात घे आणि सरळ घरी ये." जावई दुरुस्त झालेली कवळी डबीत घालून, डबी पाउचमध्ये आणि पाउच पिशवीत घालून सरळच निघाला होता. वाटेत चष्म्याचं दुकान लागलं, एवढंच.

तिथे चष्मेवाल्या बाईंना कल्पना सुचली की, माणसांचे फोटो काय कोणीही काढतं, आपण पिशव्यांचा ग्रुप फोटो काढू. सगळ्या पिशव्या बाकावर ओळीने मांडण्यात आल्या. "ते किचेन आणि बिल्ले काढा बरं का, सगळं एकसारखं दिसायला हवं," बाई म्हणाल्या. ते काढले गेले. मग उजेड एका बाजूने येत होता म्हणून इकडच्या पिशव्या तिकडे गेल्या. मग मागच्या नीट दिसेनात म्हणून त्या पुढे आल्या. फोटो अप्रतिम आला. चहा झाला आणि जाताना ज्याने त्याने हाताला लागली ती पिशवी उचलली. आपली वस्तू आपल्याला ओळखता येणारच, याबद्दल त्या खोलीत एकालाही शंका नव्हती. इतके महिने सगळ्यांनी तेवढाच अभ्यास केला होता.

"फोन लाव त्या बाईंना," बायको म्हणाली.

चष्मेवाल्या बाईंनी फोन उचलला तो रडकुंडीलाच येऊन. "अहो, माझ्या पिशवीतही दुसऱ्याचंच काहीतरी आहे. सगळ्यांचंच तसं झालंय. मी आता ग्रुपवर टाकते. प्रत्येकाने आपल्याकडे काय आलंय त्याचा फोटो टाकायचा, ज्याचं त्याने ओळखायचं आणि न्यायचं. सोप्पं आहे."

ते सोपं नव्हतं. पिशवीत काय असतं हा ग्रुपवरचा जुना आणि आवडता विषय होता. तेव्हाच्या फोटोंत सभासदांच्या पिशव्यांतून जाडजूड पुस्तकं निघत, सुकामेवा निघे, एका जिमवाल्यांच्या पिशवीतून तर उड्या मारायची दोरी आणि सोललेली गाजरं निघाली होती. आता जे फोटो येऊ लागले त्यांत यातलं काहीच नव्हतं. एका पिशवीत पायांच्या भेगांचं मलम आणि एकच मोजा होता. एकीत वजन कमी करायच्या चहाचं पाकीट होतं आणि त्याच्या आड अर्धं खाल्लेलं भलंमोठं चॉकलेट. एकीत वाचायचं भिंग होतं, तेही दोरीने बांधलेलं. जावयाने ट्यूब, ब्रश, हातमोजा आणि पुड्या टेबलावर मांडून फोटो टाकला.

खाली उत्तरं आली.

"माझं नाही."

"माझंही नाही."

"मी असलं काही वापरत नाही."

"साखर मी कधीच सोडली आहे," असं जिमवाल्यांनी न विचारता लिहिलं.

"अहो, पण मग या पिशव्या आहेत तरी कोणाच्या?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

आणि मग तो फोटो आला. खिडकीतून येणारा तिरपा उजेड, खाली पांढरा नॅपकिन, बाजूला कुंडीतलं एक हिरवं पान, आणि मधोमध सरांचे दात.

फोटो टाकला होता विमेवाल्या काकांनी. काका विम्याची कामं करत आणि ग्रुपवर फोटोंच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण जावयाच्या तोंडचं पाणी पळालं ते वेगळ्याच कारणाने. हेच काका क्लबाचे सेक्रेटरी होते. उद्याचं व्याख्यान त्यांनीच ठरवलं होतं.

इतर फोटोंखाली शुकशुकाट होता, इथे मात्र बदामांचा पाऊस पडू लागला. "काय फिनिशिंग आहे!" चष्मेवाल्या बाईंनी लिहिलं. "हिरड्यांचा रंग किती नैसर्गिक," दुसरं कोणी म्हणालं. तिसऱ्याने आपल्या आईच्या कवळीचा फोटो तुलनेसाठी खाली टाकला. "आमची यापुढे काहीच नाही," असंही त्याने मोकळ्या मनाने कबूल केलं. सर मुलीच्या खांद्यावरून हे सगळं वाचत होते. त्यांचे कान लाल झाले होते. शिट्टी हातातच राहिली होती.

मग काकांनी खाली लिहिलं, "मालकाने आज संध्याकाळी घेऊन जावी. कोणी न आल्यास उद्या सरांच्या व्याख्यानाला घेऊन जातो. काळजी न घेतल्यास काय होतं, याचा नमुना म्हणून सरांना श्रोत्यांना दाखवता येईल."



"सांग, लांबच्या नातेवाइकाची आहे म्हणून," बायको कुजबुजली.

"इथे आपलं दुसरं कोण आहे? काकांना माहितीये ते. माझ्या आईबाबांचा विमाही त्यांनीच उतरवलाय, त्यांना त्या दोघांचे दातसुद्धा माहीत असतील."

"मग ऑफिसातल्या कुणाची म्हण."

"ऑफिसातल्या माणसाचे दात मी का घेऊन फिरू?"

सरांनी जावयाकडे पाहिलं. पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा, तपासणीला आलेल्या साहेबांनाही रांगेत उभं करणारा हा माणूस आज गळ्याला टॉवेल लावून बसला होता, आणि गाल आत गेल्यामुळे एकदम म्हातारा दिसत होता. जावयाला त्यांची दया आली. सरांची दया येण्याचा त्याला अनुभव नव्हता, त्यामुळे तो गोंधळला, आणि गोंधळात त्याने लिहून टाकलं, "माझी आहे."

खाली भराभर उत्तरं आली.

"तुमची??"

"इतक्या लहान वयात?"

"तरीच तुम्ही फोटोत कधी हसत नाही."

"तुम्ही मागे अक्रोड फोडायचं यंत्र टाकलं होतं ना, तेव्हाच मला शंका आली होती."

बायकोने फोन त्याच्या हातातून काढून घेतला, परत दिला आणि त्याच्यासाठी पाणी आणायला गेली. इकडे ग्रुपवर अघटित घडत होतं. जिमवाल्यांनी लिहिलं, "ट्यूब माझी आहे. पुड्याही." लगेच चॉकलेटला मालक मिळाला. मोजा ओळखला गेला. शेवटी चष्मेवाल्या बाईंनी लिहिलं, "भिंग माझं. कृपया दुकानात येऊन देऊ नये, घरी द्यावं."

आता एकच अडचण होती. दात काकांकडे होते, म्हणजे जावयाने काकांकडे बिनदातांचं जायला हवं होतं.

"ओठ आत घे," बायको म्हणाली. "अजून. गाल ओढ. बोलू नकोस."

सर समोर उभे राहून पाहत होते. त्यांनी जावयाची हनुवटी धरून थोडी वर केली, आपलं तोंड करून दाखवलं, आणि जमल्यावर एक छोटी शिट्टी वाजवली. बायकोने सवयीने पाणी आणून दिलं.

काकांच्या दारात जावई तोंडावर रुमाल धरून उभा राहिला.

"या, या! बोलू नका. त्रास होईल," काका म्हणाले. "अगं, केळं कुस्करून आण जरा."

काकूंनी खरोखरच केळं कुस्करून आणलं. जावयाने ते मान खाली घालून, ओठांनी खाल्लं. काकू त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहत होत्या. मग काकांनी आतून डबी आणली. जावयाने ती घेतली, खिशात टाकली, हात जोडले आणि उठला.

"अहो, असे कसे निघालात? लावून बघा ना. दुसऱ्याची निघाली तर परत हेलपाटा."

जावयाने मान हलवली.

"लाजायचं काय त्यात? घरचेच आहोत आम्ही. तिकडे बेसिन आहे, दार लावून घ्या."

जावई बाथरूममध्ये गेला. दार लावून त्याने नळ सोडला आणि आरशात पाहत उभा राहिला. कवळी बसवायला माणसाला किती वेळ लागतो याचा त्याला अंदाज नव्हता. सरांना बराच लागे, पण ते मधेमधे आरशात छातीही फुगवून बघत. पुरेसा वेळ झाला असं वाटल्यावर त्याने नळ बंद केला, बाहेर आला आणि हसला.

काकू चकित झाल्या. "अगंबाई! अगदी खरे वाटतात हो!"

काका जवळ आले. "जरा उजेडात या. आ करा. अरे वा! समोरचा एक दात वाकडा ठेवलाय बघ."

"डबीत होते तेव्हा सरळ दिसत होते," काकू म्हणाल्या.

"तोंडात गेल्यावर बसतात ते. आणि मुद्दामच ठेवतात असं. सगळे सरळ ठेवले की खोटे दिसतात." काकांनी मोबाइलची बॅटरी लावली. "इथे डागही टाकलाय. चहाचा असतो ना, तस्सा. आणि अगं, हे बघ, दाढेत चांदी! कवळीच्या दाढेत चांदी भरलीय! कारागीर पोचलेला आहे हो. कुठून केलीत?"

"लांबून," जावई म्हणाला.

"बोलतातसुद्धा किती स्पष्ट!" काकू म्हणाल्या.

जावई दाराकडे सरकला. खिशातली डबी खडखडली.

"काय वाजतंय?" काकांनी विचारलं.

जावयाने खिशावर हात दाबला. "जास्तीची."

"दोन जोड!" काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जावयाबद्दल जो आदर दिसला तो त्याने आजवर कोणाच्याही डोळ्यांत पाहिला नव्हता. "थांबा, एक फोटो घेतो. हसा. मोठ्याने हसा, आता काय लपवायचंय?"

जावई घरी पोचायच्या आत फोटो ग्रुपवर होता. एकीकडे नॅपकिनवरचे दात, दुसरीकडे त्याचं हसू. खाली लिहिलं होतं, "वस्तू मालकाला मिळाली. आधी आणि नंतर." त्या वाकड्या दाताचं लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. शाळेत असताना पोरं ज्या दातावरून त्याला चिडवत, तोच तो दात. फूटपट्टीला मिळाले त्याच्या कितीतरी पट बदाम या दाताला मिळाले, आणि तो अस्सल त्याचा होता हे कोणालाही सांगायची सोय नव्हती.

सरांनी कवळी बसवली, आरशात पाहिलं, छाती फुगवली आणि झोपायला गेले. ते आभाराचं अक्षरही बोलले नाहीत. दात नव्हते तोवर जावयाने ते समजून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या छपराखाली खुर्च्या भरून गेल्या होत्या. सरांचा आवाज खणखणीत लागला होता. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "मौनाचा केवढा फायदा बघा." दात म्हणजे शिस्त, सर सांगत होते, ज्याला सकाळी उठून दात घासता येत नाहीत त्याला आयुष्यात काय घासता येणार. लोक माना डोलवत होते. पुढच्या रांगेत बसलेला जावई ओठ घट्ट मिटून ऐकत होता.

"उदाहरण लांब शोधायला नको," सर म्हणाले. "आमचे जावई इथे बसलेत. उभे राहा. ताठ."

जावई उभा राहिला.

"यांचं वय बघा. माझ्या निम्म्यानेही नाही. आणि दातांची काय अवस्था आहे ते आमच्या सेक्रेटरींना विचारा. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय."

काकांनी दुःखाने मान हलवली. श्रोत्यांतून "अरेरे" असा आवाज निघाला. सरांनी आपले दात दाखवून एक मोठं हसू दिलं आणि टाळ्या पडल्या. जावयाला फार वाईट वाटलं. मार खायची तयारी ठेवून आला असता तर इतकं लागलं नसतं. पण आज आपलं कौतुक होणार नाही, हे ठाऊक असूनही तो नवा शर्ट घालून आला होता. बायकोने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

व्याख्यान संपलं. सर माइकजवळ थांबले, कारण व्याख्यानानंतर लोक भेटायला येतात आणि दोन शब्द बोलतात अशी पद्धत असते. लोक उठले, पण ते माइककडे गेले नाहीत.

पहिले काका आले. त्यांनी जावयाला दंडाला धरून नळापाशी नेलं आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नका. माझीही आहे. वरची. सैल झालीय, बोलताना खाली येते. तुमच्या त्या लांबच्या माणसाचा पत्ता द्याल का?"

पत्ता देऊन होतो न होतो तोच मागे आणखी एक गृहस्थ उभे होते. त्यांना खालच्या हिरडीला टोचत होतं. त्यांच्यामागे एक आजी होत्या, त्यांच्या कवळीचा रंग पिवळा पडला होता. थोड्या वेळाने नळापाशी कुजबुज करायची गरजच उरली नाही. "म्हणजे तुमचीही?" "अहो, म्हणजे तुमचीही?" असं म्हणत म्हणत मंडळी बाकावर टेकली, रुमाल उलगडले गेले, आणि सगळे एकमेकांच्या हातातलं निरखून पाहू लागले. कोणाची हलकी होती, कोणाची मजबूत होती. कितीतरी वर्षांनी लोक तोंड लपवल्याशिवाय हसत होते. मधोमध जावई बसला होता आणि प्रत्येक जण आपली त्याच्यापुढे धरून "ही कशी वाटते?" असं विचारत होता. नकाशे तपासायची सवय असल्यामुळे तो नीट बघून सांगत होता.

सर माइकजवळ एकटेच उभे होते. ते चार पावलं बाकाकडे आले.

"सर, तुम्ही नका येऊ इकडे," काका बाकावरून ओरडले. काकांची हातात होती, त्यामुळे ते दोनदा सांगावं लागलं. "तुम्हाला बघवणार नाही हे. तुमचं आपलं चांगलं आहे."

सर तिथेच थांबले. बत्तीसच्या बत्तीस तोंडात घेऊन ते बराच वेळ लांबून बघत राहिले.

घरी आल्यावर सर जेवले आणि दुपारी खुर्चीत बसले. मग वर्तमानपत्र वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "त्या फोटोखाली लोकांनी काय काय लिहिलंय हो?"

"माझ्या?" जावयाने विचारलं.

"नाही. नॅपकिनवरच्या."

जावयाने वाचून दाखवलं. सर वर्तमानपत्र धरून ऐकत होते. पान मात्र उलटलं जात नव्हतं.

"फिनिशिंगचं कोण म्हणालं?"

"चष्मेवाल्या बाई."

"जाणकार दिसतात. ते हिरड्यांचं परत वाचा."

जावयाने परत वाचलं. "ज्याने आईची टाकली होती," तो म्हणाला, "त्याने लिहिलंय, आमची यापुढे काहीच नाही."

सरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. उठून बेसिनपाशी गेले. नळाचा आवाज आला. परत आले तेव्हा कवळी त्यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, उन्हात, आपल्या धुतलेल्या रुमालावर ठेवली. जरा मागे जाऊन पाहिली. कोन थोडा बदलला. जावई शिट्टीची वाट बघत उभा होता. शिट्टी गळ्यातच होती, पण सरांनी तिला हात लावला नाही. ते जावयाकडे वळले आणि पहिल्यांदाच त्याच्यासमोर बोळक्या तोंडाने, हात आड न धरता बोलले.

"काकांना नीट जमलेला नाही. तुम्ही काढा. तुमच्याच नावावर टाका."

जावयाने फोन काढला आणि खिडकीपुढे ताठ उभा राहिला.

"वाका जरा," सर म्हणाले, आणि खांद्याला धरून त्यांनी त्याला हळूच बाजूला सरकवलं. "डावीकडून घ्या. चीर दिसायला नको."